मताची रांग आणि भाकरीची रांग



या व्याख्यानमालेत आजवर इतिहासावर जे बोलले ते बहुतेक प्राध्यापक होते, संशोधक होते. मी दवाखान्यात बसणारा माणूस. पण आमच्या होमिओपॅथीत रोग्याची आजची तक्रार ऐकून लगेच पुडी बांधता येत नाही. हे कधीपासून आहे, त्याआधी काय झाले होते, घरात आणखी कुणाला होते का, असे विचारत मागे मागे जावे लागते. पस्तीसेक वर्षे हेच करता करता इतिहास वाचायची सवय लागली. माझा अधिकार काय तो एवढाच.

आज मी दक्षिण आफ्रिकेतील १९९४ च्या निवडणुकीबद्दल बोलणार आहे. त्या निवडणुकीने दोन आशा जागवल्या. माणसाची किंमत कातडीच्या रंगावरून ठरणे थांबेल, ही पहिली. गरिबाच्या घरात दिवा, पाणी आणि हाताला काम येईल, ही दुसरी. पहिली कितपत पुरी झाली, दुसरी कुठे अडली आणि दुसरी अडल्यामुळे पहिलीवर काय परिणाम झाला, हे मला आपल्यापुढे मांडायचे आहे.

त्या दिवसांतल्या दूरदर्शनच्या बातम्या मला आठवतात. उघड्या माळावर नागमोडी पसरलेल्या रांगा, पाठीशी मूल बांधलेल्या बायका, काठी टेकत आलेले म्हातारे. मतदान २६ एप्रिलला सुरू झाले. २७ एप्रिल हा मुख्य दिवस. मतदारयादी करायला वेळच मिळाला नव्हता, म्हणून ओळखपत्र पाहून हाताला शाई लावत होते. ती शाई अतिनील दिव्याखालीच दिसे. मतपत्रिकेवर एकोणीस पक्ष होते. त्यांतला इंकाथा पक्ष निवडणूक लढवायला जेमतेम आठवडाभर आधी तयार झाला, तेव्हा मतपत्रिका छापून झाल्या होत्या. मग त्याच्या नावाची पट्टी वेगळी छापून तळाशी चिकटवली. मतदानाच्या तीनच दिवस आधी जोहान्सबर्गमध्ये मोटारीत बॉम्ब फुटून नऊ माणसे मेली होती. यादवी होणार, असे जगभरचे जाणकार सांगत होते. प्रत्यक्षात १ कोटी ९७ लाख लोकांनी शांतपणे मत दिले. त्यांतल्या बहुसंख्यांचे ते आयुष्यातले पहिले मत होते. घरची गोरी मालकीण आणि तिच्याकडे धुणीभांडी करणारी बाई एकाच रांगेत पुढेमागे उभ्या राहण्याचीही ती पहिलीच वेळ.

नेल्सन मंडेला तेव्हा पंचाहत्तर वर्षांचे होते. त्यांनीही आयुष्यातले पहिले मत त्याच दिवशी दिले. त्यांना देशात कुठेही मत देता आले असते. त्यांनी निवडली ती डर्बनजवळच्या इनांडा भागातली ओहलांगे नावाची शाळा. ही शाळा जॉन डुबे या आफ्रिकी पाद्र्याने विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी काढली. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे, म्हणजे ८ जानेवारी १९१२ रोजी ब्लूमफाँटेन येथे वेगळ्या नावाने स्थापन झालेल्या त्या संस्थेचे, ते पहिले अध्यक्ष. त्यांची समाधी शाळेच्या आवाराजवळच आहे. मंडेला आधी तिथे जाऊन आले.

याच शाळेत १९१२ च्या नोव्हेंबरमध्ये आपल्या भागाशी नाते असलेला एक पाहुणा येऊन गेला होता. त्याचे नाव गोपाळ कृष्ण गोखले. जन्म कोतळूकचा, पण बालपण गेले कागलला, आणि कागल म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या वाटेवरचे गाव. इथे बसलेल्यांपैकी कितीतरी जणांची तिथे सोयरीक असेल. गोखले २२ ऑक्टोबर १९१२ रोजी केप टाऊनला उतरले. नाताळ प्रांतात करारावर मजूर पाठवणे बंद करावे, असा ठराव त्यांनी १९१० मध्येच कलकत्त्याच्या विधिमंडळात मांडला होता. आता ते परिस्थिती डोळ्यांनी पाहायला आले होते. गांधीजी त्यांच्याबरोबर सावलीसारखे हिंडत होते. जोहान्सबर्गच्या एका सभेत कोणत्या भाषेत बोलावे असा प्रश्न निघाला. तिथे कोकणी मुसलमान होते, काही महाराष्ट्रीय हिंदूही होते. गांधीजींनी आग्रह धरला की आपण मराठीत बोला, मी हिंदुस्तानीत सांगतो. गांधीजींचे मराठीचे ज्ञान किती ते गोखल्यांना ठाऊक असल्याने त्यांनी आधी थट्टा केली, पण मग ते मराठीत बोलले आणि पुढे झांझिबारपर्यंत आपल्या लोकांच्या सभांत मराठीतच बोलत राहिले. आफ्रिकेच्या भूमीवर मराठी वक्तृत्व असे घुमले होते.

फिनिक्सच्या आश्रमात मुक्काम असताना गोखले शेजारच्या ओहलांगेला गेले आणि आफ्रिकी लोकांच्या प्रश्नावर डुबे यांच्याशी बोलले. त्यानंतर १४ नोव्हेंबरला ते प्रिटोरियात जनरल बोथा आणि जनरल स्मट्स या राज्यकर्त्यांना भेटले. करार संपलेल्या हिंदी मजुरांवर तीन पौंडांचा जाचक कर होता. तो वर्षभरात जाईल, अशी समजूत घेऊन गोखले बाहेर आले. गांधीजींना मात्र तेवढा विश्वास वाटेना. आणि झालेही तसेच. पुढच्या वर्षी सरकारने, असे वचन आम्ही दिलेच नव्हते, म्हणून हात झटकले. मग संप झाला, बायका तुरुंगात गेल्या, हजारो मजूर मोर्चात चालले, तेव्हा कुठे १९१४ मध्ये तो कर रद्द झाला. राज्यकर्त्याच्या तोंडचे आश्वासन आणि कायद्यात उतरलेला हक्क यांत किती अंतर असते, ते एका मराठी माणसाने तिथे अनुभवले.

हिंदी लोकांचा कर गेला. पण त्याच १९१३ सालात आफ्रिकी लोकांवर त्याहून फार मोठा घाव घातला गेला. जमिनीच्या कायद्याने देशातली सुमारे सात टक्के जमीन काळ्यांसाठी राखून ठेवली आणि बाकी जमीन विकत घेण्याची वा खंडाने करण्याची त्यांना मनाई केली. १९३६ मध्ये हा वाटा कागदोपत्री तेरा टक्क्यांच्या आसपास गेला. गोऱ्या मालकाच्या शेतात अर्धेलीने पिढ्यान् पिढ्या कसणारी कुटुंबे गुराढोरांसह रस्त्यावर आली. ही दैना पाहायला सॉल प्लाटये हे काँग्रेसचे चिटणीस सायकलवरून गावोगाव फिरले. शेतकऱ्याची जमीन काढून घेतली की तो खाणीत मिळेल त्या मजुरीवर उतरतो. सोन्याच्या खाणींना मजूर हवे होतेच. दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेद गोऱ्यांच्या मनातल्या तिटकाऱ्यातून आला, असे आपण समजतो. तिटकारा होताच, पण त्याला जमिनीचा सातबारा आणि खाणीचा हजेरीपट जोडलेला होता. हे ध्यानात ठेवले नाही तर पुढचे काहीच उलगडत नाही.

१९४८ ची निवडणूकही ऐतिहासिकच म्हणावी लागेल, पण उलट्या अर्थाने. जवळजवळ गोऱ्यांपुरत्याच असलेल्या त्या मतदानातून नॅशनल पक्ष आला आणि वर्णभेद हे सरकारी धोरण झाले. १९५० च्या कायद्याने कोणत्या वर्णाने कुठे राहायचे ते ठरले, १९५३ च्या कायद्याने आफ्रिकी मुलाने मजुरीपुरतेच शिकावे अशी शाळा आखली गेली. आफ्रिकी माणसाला खिशात पास ठेवल्याशिवाय शहरात पाय टाकता येईना. १९६० मध्ये शार्पव्हिलला पासविरोधी निदर्शकांवर गोळीबार होऊन ६९ माणसे मेली. १९७६ मध्ये सोवेटोतली शाळकरी मुले रस्त्यावर उतरली ती शाळेत आफ्रिकान्स भाषा लादली म्हणून. वर्गातली भाषा कोणती, या प्रश्नाने घराघरांत काय काहूर माजते, ते आपल्या सीमाभागातल्या माणसाला समजावून सांगायला नको.

या लढ्यातली एक गोष्ट डॉक्टर म्हणून मला विशेष वाटते. १९४९ मध्ये डर्बनला आफ्रिकी आणि हिंदी वस्त्यांत भयंकर दंगल झाली, १४२ माणसे मेली. पण त्याच्या दोनच वर्षे आधी, ९ मार्च १९४७ रोजी, दोन्ही समाजांच्या नेत्यांनी एकत्र लढण्याच्या करारावर सह्या केल्या होत्या. आफ्रिकी काँग्रेसचे झूमा, ट्रान्सवालमधील हिंदी काँग्रेसचे युसुफ दादू आणि नातालचे मॉन्टी नायकर. तिघेही पेशाने डॉक्टर. म्हणून तो तीन डॉक्टरांचा करार म्हणून ओळखला जातो. दंगलीनंतरही तो मोडला नाही. १९५२ च्या सविनय कायदेभंगात दोन्ही समाजांची माणसे खांद्याला खांदा लावून तुरुंगात गेली.

आता १९९४ कडे येऊ. मंडेला ११ फेब्रुवारी १९९० रोजी सत्तावीस वर्षांच्या कैदेतून सुटले. पुढची चार वर्षे वाटाघाटींची आणि रक्तपाताचीही होती. एप्रिल १९९३ मध्ये ख्रिस हानी या लोकप्रिय नेत्याचा घरासमोर खून झाला, तेव्हा देश पेटायचाच बाकी होता. सैन्य, पोलीस, नोकरशाही आणि बँका गोऱ्यांच्या हातात होत्या. काँग्रेसच्या हातात होती माणसांची संख्या. अशा वेळी जो तोडगा निघतो तो दोन्ही बाजूंना थोडा थोडा बोचणारा असतो. कम्युनिस्ट नेते जो स्लोव्हो यांनीच १९९२ मध्ये सुचवले की पाच वर्षे संयुक्त सरकार असावे आणि जुन्या सरकारी नोकरांच्या नोकऱ्यांना हात लावू नये. याला मावळतीचे कलम म्हणतात. घटनेत मालमत्तेच्या हक्काला संरक्षण मिळाले. जुने अर्थमंत्री आणि मध्यवर्ती बँकेचे जुने गव्हर्नर नव्या राजवटीतही कायम राहिले. निवडणुकीआधीच, डिसेंबर १९९३ मध्ये, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून ८५ कोटी डॉलरचे कर्ज उचलले गेले होते. जुन्या राजवटीची सरकारी देणीही नव्या सरकारच्या गळ्यात आली.

थोडक्यात सांगायचे तर मताचा हक्क सगळ्यांना सारखा मिळाला, पण मालमत्ता ज्याची होती त्याच्याकडेच राहिली. १९१३ चा कायदा रद्द झाला होता. त्या कायद्याने झालेली वाटणी मात्र जागच्या जागी होती.

निकाल लागला. काँग्रेसला ६२.६५ टक्के मते आणि ४०० पैकी २५२ जागा मिळाल्या. नॅशनल पक्षाला ८२, इंकाथाला ४३. ९ मे रोजी संसदेने मंडेलांना बिनविरोध अध्यक्ष निवडले. ९ मे ही गोखल्यांची जन्मतारीख. हा योगायोगच, पण मला तो आवडतो. दुसऱ्या दिवशी प्रिटोरियात शपथविधी झाला. ज्या शहरात बोथा आणि स्मट्स यांनी गोखल्यांची बोळवण केली, त्याच शहरात.

या निकालातली एक गोष्ट आपण नजरेआड करू नये. पश्चिम केप प्रांतात नॅशनल पक्ष, म्हणजे ज्यांनी वर्णभेद आणला तोच पक्ष, विजयी झाला. तो गोऱ्यांच्या मतांवर निवडून येणे शक्य नव्हते. मिश्रवर्णीय समाजाने त्याला मोठ्या प्रमाणात मते दिली होती. डर्बनकडच्या हिंदी वस्त्यांतही त्याला भरघोस मते पडली. ज्यांना वर्णभेदाने छळले त्यांनीच असे का करावे? कारण हा समाज मधल्या पायरीवर होता. वरच्याच्या लाथा खात होता, पण खालच्यापेक्षा त्याची शाळा थोडी बरी होती, घर थोडे पक्के होते, एखादे दुकान होते. बदलात आपले हे थोडेफार जाईल, ही भीती न्यायाच्या ओढीपेक्षा मोठी ठरली. त्यांना दोष देण्याआधी आपण स्वतःला विचारावे की आपण त्या पायरीवर असतो तर काय केले असते.

नव्या सरकारची वचने मोठी होती. पाच वर्षांत दहा लाख घरे, पंचवीस लाख घरांत वीज, तीस टक्के शेतजमिनीचे फेरवाटप. यांतले किती झाले?

बरेच झाले. पहिल्या काही दिवसांतच गरोदर बायका आणि सहा वर्षांखालील मुलांसाठी सरकारी उपचार मोफत झाले. घरबांधणी खाते दिले ते जो स्लोव्होंना. ते जानेवारी १९९५ मध्ये वारले, पण काम चालू राहिले आणि दहा लाख घरांचा आकडा थोड्या उशिराने का होईना ओलांडला गेला. १९९६ च्या जनगणनेत ५८ टक्के घरांत विजेचा दिवा होता. २०११ मध्ये तो जवळजवळ ८५ टक्के घरांत होता. १९९८ मध्ये मुलांच्या संगोपनासाठी अनुदान सुरू झाले. आज वेगवेगळी सरकारी अनुदाने मिळणारांची संख्या पावणेदोन कोटींच्या वर आहे. १९९६ ची राज्यघटना जगातल्या उत्तम घटनांत गणली जाते. तिच्यावर मंडेलांनी सही केली ती शार्पव्हिलमध्ये. तिने अकरा भाषांना राजभाषेचा दर्जा दिला. शिवाय गुजराती, हिंदी, तमीळ, तेलुगू, उर्दू या भाषांचाही आदर राखावा असे तिच्यात नाव घेऊन म्हटले आहे. त्या यादीत मराठी नाही. ज्या भाषेत गोखले बोलले तिला तिथे नाव सांगणारे पुरेसे उरले नसावेत. वाचताना मला चुटपुट लागली, ती आपल्यालाही लागेल. घटनेचा अर्थ लावणारे न्यायालय उभे आहे ते जोहान्सबर्गच्या जुन्या तुरुंगाच्या जागी. त्या तुरुंगात गांधीजीही होते, मंडेलाही होते.

आणि जे झाले नाही तेही तितकेच मोठे आहे. घरे मिळाली ती बहुधा जमीन स्वस्त तिथे, म्हणजे शहरापासून लांब, पूर्वी काळ्यांना जिथे लोटले होते त्याच बाजूला. मजुरीचा मोठा भाग बसभाड्यात जाऊ लागला. तीस टक्के जमिनीची मुदत पाच वर्षांवरून वीस वर्षांवर गेली, तरी लक्ष्य लांबच राहिले. २०१७ च्या सरकारी पाहणीत व्यक्तींच्या नावावरच्या शेतजमिनीपैकी ७२ टक्के गोऱ्यांकडे होती, आणि काळ्या आफ्रिकींकडे ४ टक्के. १९९६ च्या जनगणनेत गोऱ्यांची संख्या अकरा टक्क्यांच्या आसपास होती, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांचा अर्थ कळतो. त्याच १९९६ मध्ये सरकारने धोरण बदलले. खर्चाला लगाम, परदेशी भांडवलाला वाट. वाढीचा दर सहा टक्क्यांवर नेऊ, वर्षाला चार लाख नोकऱ्या देऊ, असे सांगितले गेले. त्या काळात संघटित क्षेत्रातल्या नोकऱ्या उलट घटल्या. २०२३ मध्ये अधिकृत बेकारी ३२ टक्क्यांच्या आसपास होती, म्हणजे काम मागणाऱ्या तिघांतला एक रिकामा. उत्पन्नातली विषमता मोजणाऱ्या जागतिक याद्यांत हा देश वर्षानुवर्षे सगळ्यात वरच्या जागी आहे.

काही काळी माणसे फार श्रीमंत झाली. खाणकामगारांची संघटना बांधणारे सिरिल रामफोसा मोठे उद्योगपती झाले. १६ ऑगस्ट २०१२ रोजी मारिकानाच्या प्लॅटिनम खाणीवर पगारवाढ मागणारे ३४ कामगार पोलिसांच्या गोळ्यांनी मेले, तेव्हा ते त्याच कंपनीच्या संचालक मंडळावर होते. पुढे ते देशाचे अध्यक्ष झाले. सत्य आणि समेट आयोगापुढे हजारो पीडितांनी आपली कहाणी सांगितली. आयोगाच्या शिफारशीपेक्षा कितीतरी कमी, एकदाच तीस हजार रँड, एवढी भरपाई त्यांना मिळाली. श्रीमंतांवर खास कर बसवण्याची सूचना सरकारने नाकारली. आपल्याकडची लाजही सांगितली पाहिजे. सहारनपूरहून गेलेल्या गुप्ता बंधूंनी अध्यक्ष झुमांच्या काळात सरकारी तिजोरीवर कसा डल्ला मारला, ते न्यायमूर्ती झोंडो यांच्या चौकशी आयोगाने खंडच्या खंड भरून मांडले आहे.

आता माझ्या धंद्याशी जवळची गोष्ट. आशेची ही वर्षे एड्सच्या साथीचीही होती. प्रसूतिपूर्व तपासणीला येणाऱ्या बायकांत एचआयव्हीचे प्रमाण १९९० मध्ये एक टक्क्याहून कमी होते. १९९४ मध्ये ते ७.६ टक्के झाले, १९९८ मध्ये २२.८. खाणीवर एकटे राहणारे पुरुष, वर्षातून एकदा गावी जाणे, मोडलेले संसार. १९१३ पासून चालत आलेल्या मजुरीच्या रचनेने साथीला आयती वाट करून दिली. अशा वेळी अध्यक्ष थाबो म्बेकी, हा विषाणूच रोगाचे कारण आहे का, अशी शंका काढत बसले. आरोग्यमंत्री लसूण, बीट आणि लिंबू यांची महती सांगू लागल्या. पाश्चात्त्य कंपन्यांवरचा त्यांचा राग समजण्यासारखा होता. औषधाचा खर्च माणशी वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर होता. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने तेच तीन औषधांचे उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये द्यायची तयारी दाखवली आणि सगळा हिशेब बदलला. तरीही सरकार हलेना. रुग्णांच्या संघटनेला न्यायालयात जावे लागले. आईकडून बाळाला होणारी लागण रोखणारे औषध द्यावेच लागेल, असा निकाल घटना न्यायालयाने २००२ मध्ये दिला. या दिरंगाईत तीन लाखांहून अधिक जीव गेले असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

मी पर्यायी पद्धतीचा डॉक्टर आहे, म्हणूनच हे मला आवर्जून सांगायचे आहे. स्वाभिमान निराळा आणि औषध निराळे. ज्या रोगावर खात्रीचा उपाय दुसऱ्या पद्धतीत आहे, तिथे आपल्या पद्धतीचा अभिमान खुंटीला टांगून रोग्याला तिकडे धाडले पाहिजे. पण याच गोष्टीची दुसरी बाजूही पाहावी. तिथल्या माणसांना मत होते, घटना होती, न्यायालय होते. म्हणूनच आपल्याच लाडक्या सरकारला ती वठणीवर आणू शकली. आज जगातला एचआयव्ही उपचाराचा सर्वांत मोठा सरकारी कार्यक्रम त्याच देशात चालतो. निवडणुकीने भाकर दिली नाही, पण भाकर मागण्याचे दार उघडे ठेवले. तेही लहान काम नव्हे.

पहिल्या आशेचे, वर्णाच्या आशेचे, काय झाले? त्यासाठी पुन्हा त्याच परिसरात जाऊ. ओहलांगेपासून जवळ फिनिक्स आहे. गांधीजींचा आश्रम १९८५ च्या दंगलीत जळाला. तो पुन्हा बांधून २००० मध्ये खुला झाला. लगतची फिनिक्स वसाहत वर्णभेदी कायद्याने हिंदी लोकांसाठी वसवलेली, इनांडा काळ्यांची. कायदा गेला तरी वस्त्या बऱ्याचशा तशाच राहिल्या. जुलै २०२१ मध्ये झुमांना तुरुंगात टाकल्यावर त्या भागात लुटालूट उसळली. देशात साडेतीनशेहून अधिक माणसे मेली. फिनिक्समध्ये लोकांनी रस्ते अडवून पहारे बसवले आणि तिथे ३६ माणसे मारली गेली. त्यांतले बहुतेक काळे होते. गोखले ज्या वाटेने डुब्यांकडे गेले, मंडेला जिथे मत द्यायला आले, तिथून हे सगळे हाकेच्या अंतरावर. दुसरी आशा अडली की पहिलीही कशी नासते, ते इथे दिसते. ज्याच्याकडे काम नाही त्याला शेजाऱ्याचे दुकान दिसते, आणि दुकानवाल्याला शेजारी दिसत नाही, जमाव दिसतो.

हे सगळे ऐकून कुणी म्हणेल, मंडेलांनी तडजोड करून लोकांना फसवले. कुणी म्हणेल, त्यांनी यादवी टाळली, याहून काय हवे. मी अनेकान्ताच्या संस्कारात वाढलो, त्यामुळे एकच बाजू पुरी खरी मानणे मला जमत नाही. त्या वेळच्या पेचात ती तडजोड बहुधा अटळ होती, आणि तिची किंमत ज्यांनी मोजली ते वाटाघाटीच्या टेबलावर बसलेले नव्हते. तडजोड करणे चूक नव्हती. ती कायमची आहे असे समजून पुढे निवांत बसणे, ही चूक झाली.

हा धोका आपल्याच देशात एकाने आधी ओळखला होता. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेब आंबेडकरांनी बजावले होते की प्रजासत्ताक होताच आपण एका विसंगतीत शिरणार आहोत. राजकारणात समता असेल आणि सामाजिक, आर्थिक जीवनात विषमता. ती लवकर दूर केली नाही, तर विषमतेने पोळलेले लोक ही लोकशाहीची इमारतच उडवून देतील. दक्षिण आफ्रिकेच्या तीस वर्षांचा सारांश याहून नेमका मला कुठे सापडला नाही.

मे २०२४ मध्ये तिथे पुन्हा निवडणूक झाली. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसला ४० टक्क्यांच्या आसपास मते पडली आणि ४०० पैकी १५९ जागा मिळाल्या. तीस वर्षांत प्रथमच तिचे बहुमत गेले. नोंदवलेल्या मतदारांपैकी जेमतेम ५९ टक्के मतदानाला आले. पण सत्ता शांतपणे वाटून घेतली गेली, सैन्य बराकीतच राहिले, न्यायालये चालू राहिली. १९९४ च्या रांगेने कमावलेले हे पुण्य अजून शिल्लक आहे.

माझ्या दवाखान्यात सकाळी नंबर लावून माणसे बसतात. शेवटचा नंबर येईपर्यंत आपल्यालाही तपासतील, हा भरवसा असतो म्हणून ती बाकावर शांत असतात. पुढे खास ओळखीच्यांनाच आत घेतात असे दिसले, की पहिल्यांदा कुजबुज होते, मग आरडाओरडा, आणि मग माणसे उठून जातात. दक्षिण आफ्रिकेत मताची रांग चार दिवसांत पुरी झाली, प्रत्येकाचा नंबर लागला. भाकरीची रांग अजून उभी आहे. आपणही कुठल्या ना कुठल्या मधल्या पायरीवरची माणसे आहोत. आपल्या मागे कोण उभे आहे, त्याचा नंबर कधी लागणार, हे आपण वळून पाहतो का, एवढा प्रश्न आपल्यापुढे ठेवतो आणि आपली रजा घेतो.